३५० मिमी बँडसॉवर नवीन पातं : बसवणं, ट्रॅकिंग आणि ताण – कामाच्या नोंदी

यंत्र : ३५० मिमी चाकांचा, ओतीव सांगाड्याचा बँडसॉ (वर-खाली दोन चाकांवरून फिरणाऱ्या सलग पात्याची करवत), लाकूडकामासाठी. पात्याची लांबी २३७५ मिमी. पात्याचा वेग मिनिटाला ९०० मीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. चाकांवर मध्ये फुगवटा असलेले रबरी टायर.

१२ जानेवारी

जुनं पातं उतरवलं. प्लग काढला, ताण पूर्ण सोडला, दोन्ही दरवाजे उघडले. टेबलच्या फटीच्या तोंडाशी असलेली पिन काढल्याशिवाय पातं बाहेर येत नाही. ही पिन लगेच टेबलच्याच एखाद्या भोकात ठेवावी. ती हरवली की फटीच्या दोन्ही बाजू एका पातळीत राहत नाहीत आणि फळी सरकताना फटीवर अडखळते.

पात्याआधी गाईड मागे घेतले. वरचे-खालचे बाजूचे गाईड (पातं आडवं सरकू न देणारे) आणि दोन्ही थ्रस्ट बेअरिंग (मागून पात्याची पाठ पेलणारी) पूर्ण मागे, हातांनी जाणवेल इतके. नवीन पात्याचं ट्रॅकिंग (चाकावर ते नेमकं कुठे धावतं ते) जुळवताना एखादा गाईड जरी पात्याला टेकत असला, तरी पातं कुठे धावतंय हे चाक ठरवत नाही, तो गाईड ठरवतो. मग सगळं जुळल्यासारखं दिसतं आणि गाईड हलवला की बिघडतं.

जुन्या पात्याची जाडी ०.६४ मिमी. उजेडासमोर वाकवून पाहिलं तर दात्यांमधल्या सलग चार खाचांच्या तळाशी केसाएवढ्या चिरा. कारण गणितात दिसतं. पातं चाकावरून वळताना बाहेरच्या पृष्ठभागावर येणारा ताण म्हणजे पोलादाचा लवचिकता गुणांक गुणिले जाडी भागिले चाकाचा व्यास. २,००,००० × ०.६४ ÷ ३५० = सुमारे ३६५ मेगापास्कल, आणि हा फक्त वाकण्याचा. ओढीचा ताण त्यावर वेगळा. पातं सेकंदाला ६ पेक्षा थोडे जास्त फेरे करतं आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतं, म्हणजे तासाला सुमारे ४५ हजार वेळा. चिरा खाचेच्या तळाशीच का सुरू होतात हे वेगळं सांगायला नको. तिथेच पातं सर्वांत अरुंद आणि तिथेच कोपरा.

१३ जानेवारी

टायरची सफाई. खालच्या चाकावर राळ आणि बारीक भुसा यांचा दगडासारखा थर, दोन-तीन ठिकाणी जवळजवळ अर्धा मिमी उंच. चाक हाताने फिरवत लाकडाच्या धारदार चिपेने खरवडला. लोखंडी पटाशी वापरू नये, रबर चिरतं. खरवडून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसलं. पेट्रोल किंवा थिनर टायरवर नको, रबर फुगतं.

वरच्या टायरवर एके ठिकाणी बोटभर लांबीचा चपटा भाग सापडला. यंत्र बंद असताना पातं ताणलेलंच राहिल्यावर होतो तो हा. दोन्ही चाकांवर खडूची खूण केली, वरच्या खुणेशी चपटा भाग. पुढे ठोका ऐकू आला तर कोणाचा हे ओळखायला ती उपयोगी पडेल. चाकाचा परीघ सुमारे ११०० मिमी, पातं २३७५ मिमी. हाताने फिरवताना चाकाच्या दर फेऱ्याला ठोका आला तर दोष चाकाचा. सव्वादोनला थोडं कमी इतक्या फेऱ्यांनी एकदा आला तर पात्याच्या सांध्याचा.

१५ जानेवारी

नवीन पातं : १२ मिमी रुंद, ०.५ मिमी जाड, कार्बन स्टील, इंचाला ३ दाते, पुढे कललेले हुक दाते. मुख्य काम जाड फळ्या उभ्या चिरण्याचं आहे म्हणून इतके कमी दाते. १४० मिमी उंचीच्या कापात इंचाला ६ दात्यांच्या खाचा फळीच्या मध्यावरच भुशाने भरतात, पुढचा भुसा जायला जागा नसते, पातं तापतं आणि आडवं पळतं. ०.५ मिमी जाडीत वाकण्याचा ताण २८५ वर येतो. १९ मिमी रुंद पातं या यंत्रावर चालतं असं लिहिलेलं असलं तरी ती पाती बहुधा ०.८ मिमी जाड असतात. त्यांना पुरेसा ताण द्यायला वरच्या चाकावर सुमारे अडीचशे किलोचं बळ हवं आणि वाकण्याचा ताण ४५० च्या वर जातो. १२ मिमी नीट ताणलेलं पातं हे ढिल्या १९ मिमीपेक्षा सरळ चिरतं.

वेटोळं उघडताना चामडी हातमोजे आणि चष्मा. एका हाताने एक कडं घट्ट धरून, हात लांब करून, तोंड वळवून बाकीची कडी सोडली. पातं उसळतंच, फेकू नये, दाते जमिनीवर आपटतात.

उभं धरल्यावर पुढच्या बाजूचे दाते वर तोंड करून होते. चुकीचं पातं आलं असं समजू नये, ते फक्त उलटं उघडलेलं आहे. दोन्ही हातांनी धरून आतली बाजू बाहेर पिळली की दाते खाली वळतात. टेबलवर, काम करणाऱ्याकडे तोंड करून, खाली : याशिवाय दुसरी स्थिती नाही.

गंजरोधक तेल फडक्याने पुसलं, दात्यांच्या उलट दिशेने कधीही नाही. सांधा तपासला. दोन्ही बाजूंनी बोट फिरवून फुगीरपणा लागत नाही. पाठीवर सरळपट्टी लावली तर सांध्यापाशी उजेडाची बारीक रेघ दिसते, फीलर गेजने ०.१ मिमी. चालेल. याच्या दुप्पट असता तर सांधा प्रत्येक फेऱ्याला थ्रस्ट बेअरिंगवर आदळला असता आणि कापाच्या पृष्ठभागावर ठराविक अंतराने आडव्या रेघा उमटल्या असत्या. बारीक कानशीने पाठ लांबीच्या दिशेत हलकी सपाट केली. दोन हातांत सांधा धरून हलकी कमान केली : कमान सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरली. सांध्यापाशी कोन पडला असता तर तो मऊ राहिलाय आणि अजिबात वाकला नसता तर ठिसूळ आहे असं समजायचं.

१६ जानेवारी

पातं आधी टेबलच्या फटीतून आणि गाईडच्या मधल्या जागेत, मग वरच्या चाकावर, शेवटी खालच्या चाकावर. ढिलेपणा जाईपर्यंतच ताणाचं हँडव्हील फिरवलं. वरचं चाक चालताना ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवायचं. उलट फिरवलं तर पातं उलट बाजूला सरकतं आणि केलेलं जुळवणं वाया जातं.

पहिल्याच फेऱ्यात पातं पुढच्या कडेकडे आलं. वरच्या चाकाच्या झुकावाचा स्क्रू पाव फेरा, मग चाकाचे तीन-चार फेरे, मग पाहायचं. पातं लगेच नवीन जागी येत नाही. घाईत अर्धा-अर्धा फेरा दिला की ते एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातं. वरचं चाक मागे झुकलं की पातं मागे येतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

कुठे थांबवायचं? फुगवट्याच्या टायरवर १२ मिमी पात्याच्या खाचांचा तळ फुगवट्याच्या शिखरावर ठेवला. ताणाची ओढ शिखरावर सर्वांत जास्त असते, म्हणून ती दात्यांच्या लगेच मागे आली तर कापणारी कड ताठ राहते. पाठ शिखरावर असेल तर पाठ ताठ आणि दाते सैल, मग काप भरकटतो. सपाट टायरच्या यंत्रांना हे लागू नाही. तिथे रुंद पात्याचे दाते चाकाच्या पुढच्या कडेबाहेर ठेवतात, नाहीतर वाकवलेले दाते रबरात घुसून रबरही जातं आणि दात्यांचा सेटही (त्यांना दोन्ही बाजूंना दिलेला वाक).

वर आणि खाली पात्याची जागा ताडून पाहिली. सरळपट्टीने दोन चाकांच्या प्रतलात फरक ०.८ मिमी. वॉशर घालण्याच्या फंदात पडलो नाही. पातं दोन्ही चाकांवर शिखराजवळच धावतंय तोवर या फरकाने काही बिघडत नाही.

१७ जानेवारी

आज ताण. यंत्रावरच्या मापपट्टीवर १२ मिमीची खूण आहे, पण ती पट्टी ताण मोजत नाही, स्प्रिंग किती दबली ते सांगते. स्प्रिंग जुनी झाली की तेवढ्याच दाबाला बळ कमी मिळतं आणि पट्टी तेच सांगत राहते. बोटाने पातं ढकलून पाहणं यापेक्षाही बेभरवशाचं : वरचा गाईड किती उंचावर आहे यावर लवचिकता दुपटीने बदलते. टिचकी मारून येणारा सूर थोडा उपयोगाचा, पण तो एकाच यंत्रावर, त्याच रुंदीच्या पात्याशी तुलना करायला.

म्हणून ताणाने पातं किती लांबलं ते मोजलं. परतीच्या बाजूचं, खांबाजवळचं झाकण काढलं. एका सरळ ॲल्युमिनियम पट्टीचं वरचं टोक छोट्या क्लॅम्पने पात्याला घट्ट केलं. खालच्या टोकाला ०.०१ मिमीचा डायल गेज बसवला आणि त्याची काडी, अर्धा मिमी आधीच दाबलेली, पात्याला लावलेल्या दुसऱ्या क्लॅम्पवर टेकवली. दोन क्लॅम्पमधलं अंतर २५० मिमी. प्लग बाहेर, गाईड मागे. ढिलेपणा नुकताच गेलेल्या स्थितीत गेज शून्यावर.

हिशेब : २५० मिमीत ०.०१ मिमी लांबणं म्हणजे ८ मेगापास्कल. कार्बन स्टीलच्या पात्याला १०० ते १४० मेगापास्कल हवेत, बायमेटलला (वेगळ्या कठीण पोलादाचे दाते जोडलेल्या पात्याला) १७० ते २१०. लक्ष्य १०० ठेवलं, म्हणजे गेजवर ०.१२ ते ०.१३. डायल गेज नसेल तर १५० मिमीचा व्हर्निअर दोन जबड्यांपाशी पात्याला क्लॅम्प करून चालतो, फक्त ०.०२ मिमीची एक रेघ तिथे २५ पेक्षा जास्त मेगापास्कलची होते, हे धरून वाचावं.

मापपट्टीवर १२ मिमीच्या खुणेला गेज ०.०७. म्हणजे ५६ मेगापास्कल, गरजेच्या निम्मं. १९ मिमीच्या खुणेपर्यंत नेलं : ०.११. आणि तिथे स्प्रिंग संपली. वेटोळ्यांच्या मधून कागदाचा कपटा घालून पाहिला तर खालच्या तीन वेटोळ्यांत शिरला नाही, वरच्या एकात जेमतेम.

इथे आणखी फिरवून आकडा गाठता येतो, आणि तेच करू नये. स्प्रिंग मोकळी असताना पाव फेऱ्याने ताण तीन-चार मेगापास्कलने वाढतो. वेटोळी एकमेकांना टेकल्यावर तोच पाव फेरा (दीड मिमी आट्यांचा स्क्रू) चाक थेट ०.३७ मिमी उचलतो, पातं ०.७५ मिमी लांबतं, ताण एका झटक्यात ६० च्या आसपास चढतो. सांगाडा थोडा वाकतो म्हणून प्रत्यक्षात काहीसा कमी, पण तोल गेलेलाच. शिवाय काम करताना पातं तापतं. ३० अंशांनी तापलं तर ते सुमारे ०.८५ मिमी लांबतं. मोकळी स्प्रिंग चाक ०.४ मिमी वर ढकलून ही ढिलाई भरून काढते. बसलेली स्प्रिंग काहीच करत नाही : गरम पातं सैल पडतं, त्या वेळी कोणी ताण वाढवला की थंड झाल्यावर ते सांगाडा आणि बेअरिंग दोन्ही ओढत राहतं.

ताण सोडला. स्प्रिंग बदलायची.

२० जानेवारी

नवीन स्प्रिंग, त्याच आतल्या-बाहेरच्या व्यासाची, जाड तारेची, मिमीला सुमारे ९० न्यूटन. बसवताना स्क्रूचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून ग्रीस लावलं आणि स्प्रिंगखालचा झिजलेला वॉशर बदलला. वरच्या चाकाचा ब्रॅकेट आपल्या खोबणीत हाताने मोकळा सरकतो का तेही पाहिलं. तो अडकत असेल तर कितीही चांगली स्प्रिंग व्यर्थ.

पुन्हा मोजलं. ढिलेपणा गेल्यापासून पावणेआठ फेऱ्यांना गेज ०.१३, म्हणजे १०४ मेगापास्कल. खाचा वगळून पात्याची रुंदी ९.५ मिमी, छेद ४.७५ चौ. मिमी. दोन्ही बाजू मिळून वरच्या चाकावर सुमारे ९९० न्यूटन, म्हणजे शंभर किलो. वेटोळ्यांमध्ये अजून भरपूर फट. दरवाज्याच्या आतल्या बाजूला लिहिलं : «१२ मिमी × ०.५ – ७¾ फेरे». मापपट्टीवर चिकटपट्टी लावून टाकली.

ताण वाढला की ट्रॅकिंग सरकतंच, कारण वरच्या चाकाचा आस किंचित वाकतो. इथे पातं दोन मिमी पुढे आलं होतं. झुकावाचा स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, मग लॉकनट. लॉकनट आवळतानाही स्क्रू फिरू शकतो, म्हणून स्क्रू एका हातात धरून पाना दुसऱ्या हातात, आणि नंतर पुन्हा दहा फेरे पाहणं.

२१ जानेवारी

आधी टेबल. वरचा गाईड पूर्ण वर, गुण्या पात्याच्या सपाट भागाला टेकवून (दात्यांना नाही, ते बाहेर वाकलेले असतात) टेबल ९० अंशात. मग गुण्या पाठीमागे लावून पुढे-मागे किती झुकतं ते पाहिलं.

मग गाईड. बाजूच्या गाईडची पुढची कड खाचांच्या तळामागे दीड मिमी. काप चालू झाला की पातं थ्रस्ट बेअरिंगपर्यंत मागे सरकतं. तेव्हाही दाते गाईडमध्ये शिरता कामा नयेत, नाहीतर एका मिनिटात सेट सपाट होतो. दोन्ही बाजूंना फट ०.१ मिमी, साध्या कागदाच्या कपट्याएवढी. पातं एका बाजूला न ढकलता दोन्हीकडे कागद घालून एकदम आवळायचं, मग कागद ओढून काढायचे. थ्रस्ट बेअरिंग पाठीमागे ०.४ मिमीवर. मोकळं चालताना ते फिरता कामा नये, कापताना फिरायलाच हवं. सतत फिरत राहिलं तर पाठीवर कठीण थर चढतो आणि चिरा पाठीकडून सुरू होतात.

वरच्या गाईडची दांडी खाली-वर केली तर तळाशी डावीकडची फट नाहीशी होत होती. दांडी पात्याला समांतर नाही. तिच्या ब्रॅकेटमागे पातळ पत्रा घालून बरंचसं जमलं, तरी उंची जास्त बदलली की फट पुन्हा तपासायची असं ठरवलं. काप घेताना गाईड कामाच्या वर ६ मिमी, त्याहून उंच नाही. ताणाचा अर्धा फायदा उंच गाईडने वाया जातो.

पिन परत जागेवर.

२२ जानेवारी

दोन्ही दरवाजे बंद, यंत्राच्या बाजूला उभं राहून एक क्षण चालू-बंद. मग दोन मिनिटं मोकळं. ठोका आहे, पण बारीक आणि भराभर. प्लग काढून हाताने फिरवलं : दर फेऱ्याला, खडूची खूण वर आली की. वरच्या टायरचा चपटा भाग. सांधा निर्दोष. टायर ताण सोडल्यावर काही दिवसांत थोडा उठतो, म्हणून आत्ता बदलला नाही.

पहिली दहा मिनिटं ताज्या पात्यावर जोर लावला नाही, नेहमीच्या निम्म्या वेगाने फळी सरकवली. नवीन दात्याचं टोक वस्तऱ्यासारखं पातळ असतं. पहिल्याच कापात जोर दिला तर ते घासून गोल न होता तुटतं, आणि तुटलेल्या टोकाचं पातं लवकर बोथट होतं.

भरकटणं तपासायला फळीच्या कडेला समांतर रेघ मारून, फेन्सशिवाय (फळी टेकवून सरकवायच्या पट्टीशिवाय), हाताने ३०० मिमी कापलं. फळी रेषेवर राहायला किंचित तिरकी धरावी लागली, ३०० मिमीत १ मिमी. झुकावाचा स्क्रू एक-अष्टमांश फेरा फिरवून खाचांचा तळ शिखरावर नेमका आणला, तर हा तिरकसपणा गेला. फेन्सला हात लावावा लागला नाही. ट्रॅकिंग बदललं म्हणून थ्रस्ट बेअरिंग आणि गाईड पुन्हा जुळवले.

२८ जानेवारी

१४० मिमी रुंद फळीतून २ मिमीचा पापुद्रा काढला. जाडी वर २.०, मध्ये २.१, खाली २.०. मुद्दाम ताण दीड फेरा कमी करून (८४ च्या आसपास) तोच काप घेतला : वर २.०, मध्ये २.६, खाली २.१. मोकळं चालताना पातं गाईडच्या मध्ये फडफडत असल्याचंही दिसलं. पोट काढलेला काप आला की बहुतेक जण फेन्सला दोष देतात. आधी ताण, मग बोथटपणा, मग फळी ढकलण्याचा वेग पाहावा. फेन्स पोट काढत नाही, तो सरसकट तिरका काप देतो.

९ फेब्रुवारी

गोलाईच्या कामाला ६ मिमी पातं, इंचाला ६ दाते, ०.५ मिमी जाड. १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं. १२ मिमीचं पातं ६४ मिमीच्या आत जबरदस्तीने वळवलं तर पिळून तुटतं. मोजणी तीच : गेज ०.१२ ते ०.१३. पण छेद २.२५ चौ. मिमी, म्हणून फेरे फक्त पावणेचार. १२ मिमीच्या फेऱ्यांवर हे पातं चढवलं असतं तर दुप्पट ताण. दरवाज्यावर दुसरी ओळ लिहिली. इतक्या अरुंद पात्याचा मध्य शिखरावर ठेवला.

पाठीचे दोन्ही कोपरे तेलदगडाने गोल केले म्हणजे वळणात पाठ कापाच्या भिंतीला खात नाही. यंत्र चालू ठेवून करायचं काम, गाईड जागेवर, दगड टेबलवर टेकवून. ठिणग्या उडतात, म्हणून आधी दोन्ही कप्प्यांतला भुसा पूर्ण काढला आणि भुसा ओढण्याचा पाइप बंद ठेवला.

१२ मिमीचं पातं तीन कड्यांत गुंडाळलं : दाते अंगापासून दूर, खालची कड लाकडी पाटावर हलक्या पायाने दाबून, वरचा भाग एक पूर्ण पीळ देत खाली आणला की कडी आपोआप पडतात. एक थेंब तेल फडक्यावर घेऊन पुसलं.

२ मार्च

१२ मिमी पातं परत चढवलं, ७¾ फेरे, गेजवर ०.१३ जुळलं. खाचा उजेडासमोर पाहिल्या, चिरा नाहीत. रोज काम संपल्यावर ताण चार फेरे सोडला जातोय. दरवाज्याला «ताण सोडलेला» अशी पाटी अडकवली जाते, म्हणजे सकाळी कोणी तसंच चालू करत नाही. वरच्या टायरचा चपटा भाग बोटाला अजून लागतो, पण ठोका ऐकू येत नाही. खालच्या चाकाचा ब्रश झिजून रबरापासून सुटलाय, राळ पुन्हा धरायला लागलीय. पुढच्या वेळी आधी ब्रश.